डीसाला सावली फिरत नाही

शहाद्याच्या स्टँडवर माय एसटीच्या खिडकीचा गज धरून उभी होती आणि गाडी हलली तरी सोडेना. कंडक्टर ओरडला, ओ मावशी, हात काढा ना, पडाल, तरी ती त्याच्याकडं बघेना, तिचं सगळं लक्ष माझ्या मांडीवर, खुशीकडं. खुशी तेव्हा एवढीशी, पालथं पडायला नुकतीच शिकलेली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली, झोके झाडावरनं उतरवलेले, आणि ऊन असं की स्टँडच्या भिंतीला जेवढी सावली तेवढ्यातच सगळी माणसं चिकटून उभी. माय म्हणत होती, "चार दिन थांबती तं काय बिघडतं व? सावली फिरी जाती, पोरनं न्हाणं व्हई जातं, मंग जाती." पण खुशीच्या पप्पांना डीसाहून त्यांच्या शेठचे फोनवर फोन, बटाटा बाहेर काढायचा सीझन लागला, येतो का दुसरा माणूस घेऊ. गाडी वळली तशी माय बरोबर चालत आली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "तठे सावली फिरत नही तवलोंग पोरले उंबराना बाहेर काढू नको! ऐकी ऱ्हायनी का?"

मी मान हलवली. मागच्या सीटवरचा एक जण हसला.

ज्यांना आमच्या घरची ही रीत माहीत नाही त्यांना आधी सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या घरामागं खळं आहे आणि खळ्याच्या मधोमध एक मेढ, म्हणजे जमिनीत गाडलेला सागाचा खांब. मळणीला बैल बांधायचे तिला. आता मळणी मशीननं होते, बैल विकले, मेढ तशीच आहे. वर्षभर दुपारी तिची सावली सातपुड्याच्या अंगाला पडते. थंडीत लांबलचक, मग ऊन चढेल तशी आखूड, आणि आखाजीनंतर एक दुपार अशी येते की सावलीच नाही. मेढ उभी आणि सावली तिच्या पायात गिळून टाकलेली. त्यानंतर ती निघते ती उलट्या अंगाला, तापीच्या बाजूला. जास्त नाही, चांगली वाढली तर दोन बोटं. पण निघते. त्याला आमच्याकडं सावलीफेर म्हणतात.

हे कुठनं आलं ते कुणाला नक्की माहीत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की आधी कुणाच्या घरात घड्याळ नव्हतं, पंचांग वाचता येत नव्हतं, मेढ हेच पंचांग. सावली फिरली की बियाणं उन्हाला काढायचं, मग मृग, मग आर्द्रा, आणि आषाढात सावली परत पहिल्या अंगाला आली की समजायचं पेरणीचे दिवस गेले. मायचं वेगळंच. ती म्हणायची, "सूर्यनारायण माहेरले जास." म्हणजे आखाजीला सगळ्या पोरी माहेरी येतात, त्या गेल्या की मग सूर्याचा नंबर. तो आपल्या घरावरनं, आपल्या डोक्यावरनं सातपुड्याच्या पलीकडं माहेरी जातो, थोडे दिवस राहतो, आणि आषाढात परत सासरला निघतो तेव्हा परत आपल्या डोक्यावरनं जातो. जाताना तो खुशीत असतो म्हणून त्या दिवशी त्याला लेकरं दाखवायची. ज्या लेकराचा पहिला उन्हाळा आहे ते तोपर्यंत दिवसाचं उंबरठ्याबाहेर काढायचं नाही, दिवस मावळला की चालतं. सावली फिरली की मेढीजवळ पितळी घागरीत पाणी ठेवायचं, लिंबाचा पाला टाकायचा, पाणी उन्हानंच तापतं, आणि त्यानं लेकराला तिथंच मेढीपाशी न्हाऊ घालायचं. पाय मातीला लावायचे. मग जिभेवर पन्ह्याचा थेंब, हाताला काळा दोरा, आणि घरच्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी न कैरीचं लोणचं. मी लहान असताना सगळ्या गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन आमच्याच खळ्यात यायच्या. ओली लेकरं एकदम भोकाड पसरायची आणि काकू म्हणायची, "रडा रे, जोरमा रडा, पाऊस बहिरा शे."

त्या दिवसापासून आई मोकळी. लेकरू झोळीत घालून शेतात जायला मोकळी. एवढीच रीत. यात वाईट काय आहे, मला तेव्हाही दिसलं नाही आणि खरं सांगू, आताही दिसत नाही. आमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंती हातभर जाड, वर मातीचंच छप्पर. भर दुपारी आत शिरलं की डोळ्यांना अंधारी येते पण अंग गार होतं. लेकरू तिथं आत ठेवणं म्हणजे त्याला सांभाळणंच होतं.

डीसा गुजरातमध्ये, खूप वर, पालनपूरच्या पुढं. नंदुरबारहून गाडी, सुरतला गाडी बदलली, मग रात्र, मग पुन्हा दिवस. उतरलो तेव्हा वाटलं ऊन इथलंच असतं, आमच्याकडं नुसतं पाहुणं येतं. खुशीच्या पप्पांचं काम कोल्ड स्टोरेजला. डीसाला बटाटाच बटाटा. थंडीच्या शेवटाला शेतातनं निघतो, मोठमोठ्या चेंबरमध्ये ठेवतात आणि उन्हाळाभर कट्टे बाहेर काढत राहतात. कट्टे म्हणजे पोती. बाहेर ऊन जाळतंय आणि ही माणसं आत स्वेटर घालून, कानटोपी घालून कट्टे उचलतात. मला पहिल्यांदा हसू आलं. मे महिन्यात नवरा कानटोपी घालून जेवायला येतो, मिशीवर दव.

राहायला स्टोरेजच्या मागं खोल्यांची रांग. खोलीला इथं ओरडी म्हणतात. विटांच्या पातळ भिंती, वर पत्रा, दार पण पत्र्याचं, खिडकी नाही, वर एक भोक. पंखा होता पण तो गरम हवाच खाली ढकलायचा. माझ्या दारासमोर अंगणात एक लोखंडी सळई ठोकलेली होती, कमरेएवढी, कुणी कधी म्हैस बांधत असेल. मी पहिल्याच दिवशी म्हणलं, ही झाली माझी मेढ.

रोज साडेबारा वाजून गेले की मी दार एवढंसं उघडून बघायची. सावली कमी होत होती. सातपुडा तिथं नाही, पण ज्या अंगाला पडते ते अंग मी ओळखलं होतं, स्टोरेजच्या भिंतीचं अंग. वीतभर होती, मग चार बोटं, मग तीन. मला आनंद व्हायचा. मायला फोन करून सांगायची, आली, आली. मायकडं तं कधीच फिरली होती, ती सांगायची, मेढीपाशी या वर्षी एकच लेकरू आलं, बाकीच्यांना आता कुठं वेळ. मी एकदा विचारलं, मग तिकडं फिरली ती आपल्या घरचीच सावली ना, मी खुशीला बाहेर काढू का? माय म्हणाली, "पोर कोठे शे? जठे पोर शे तठे फिराले जोयजे."

रमीलाबेन शेजारच्या ओरडीत राहायची, बटाटे निवडायच्या शेडमध्ये काम, तोंड भारी तिखट. बाहेर एक मोठा लीमडा होता, म्हणजे आपला कडूलिंबच, त्याच्याखाली ट्रकवाले खाटा टाकून झोपायचे, बाया पोरं घेऊन बसायच्या. ती रोज दाराशी येऊन ओरडायची, "ए मराठी, छोकरीने बहार लाव! अंदर शेकाई जशे!" पोर आत भाजून निघेल म्हणत होती. मी हसायची. मी दाराला ओली साडी लावायची, खुशीच्या अंगावर पाणी शिंपडायची, मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत बसायची. माझाच जीव गुदमरायचा पण मी म्हणायची आता थोडेच दिवस. रमीलाबेन म्हणायची, "शुं राह जुए छे? जमाईनी?" जावयाची वाट बघतेस काय. मी सावलीची वाट बघत होते, हे तिला सांगायची लाज वाटली.

खुशीची दिवसातली एकच मजेची वेळ होती. तिचे पप्पा जेवायला आले की स्वेटर न काढता तिला छातीवर घ्यायचे. त्यांच्या अंगातनं गार वाफ निघायची. ती लगेच गप्प व्हायची आणि स्वेटरची कॉलर तोंडात धरून चोखायची, तिला तो गारवा पाणी वाटत असेल. मी जेवण वाढेपर्यंत ती तशीच. पप्पा म्हणायचे, हिला चेंबरमध्येच नेऊन ठेवतो, बटाट्यात बटाटा.

सावली दोन बोटांवर आली, मग एक. आणि एका बोटावर थांबली.

मी रोज बघतेय, एक बोट. काल पण एक, आज पण एक. मला वाटलं माझीच वेळ चुकतेय, म्हणून आधी बघितलं, नंतर बघितलं, तवा तापलेला तसा सोडून बघितलं. एकच बोट, आणि त्याच अंगाला. तिकडं सगळे म्हणत होते गावाकडं आभाळ आलं, पेरण्या लागल्या, इकडं ढग नाही, सावली फिरत नाही. मायला सांगितलं तं माय पण घाबरली, म्हणाली असं कधी ऐकलं नाही, थांब अजून, फिरल्याशिवाय कशी राहील. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, माय म्हणते ना, मग थांब, चार दिवसांनी काय होतंय. आम्ही तिघं पण त्या एका बोटाची वाट बघत बसलो. आणि मग एक दिवस ते एक बोट दीड झालं. परत वाढायला लागलं. मी सळईजवळ उकिडवी बसले आणि मला वाटलं, जसं कुणी येतो म्हणून निघालं आणि आपल्या दारापर्यंत येऊन परत फिरलं.

त्याच दुपारी खुशी रडायची थांबली. मी म्हणलं झोपली. अंग तापलेलं होतं, पण आत सगळंच तापलेलं असायचं, भांडी पण. पप्पा आले, त्यांनी नेहमीसारखं छातीवर घेतलं. ती कॉलरकडं तोंड नेईना. त्यांनी कॉलर तिच्या ओठाला लावली, तरी नाही. "काय करी ऱ्हायनी तू? इतली तपनी कसाले ही?" ते असे ओरडले की रमीलाबेन धावत आली, तिनं खुशीचे डोळे बघितले, तोंडात बोट घातलं, तोंड कोरडं ठाक, आणि पप्पांच्या हातातनं तिला घेऊन उंबरठा ओलांडून बाहेर पळाली, रिक्षा, रिक्षा करत. मी दारात उभी. ऊन डोक्यावर. तेवढ्यात पण माझ्या तोंडातनं निघालं, नको, सावली फिरली नाही. कुणी ऐकलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सलाईन लावायला शीर शोधली, सापडेना. विचारलं, किती दिवस बंद खोलीत आहे? मग म्हणाल्या, आत ठेवलं म्हणून झालं हे. दिवस मावळायच्या आत गेली.

बनास नदीला उन्हाळ्यात पाणी नसतं, नुसती वाळू. तिच्या काठाला, लोक जिथं लेकरं ठेवतात तिथं, तिला ठेवली. पप्पांनी स्वेटर काढून तिच्याखाली अंथरला. मी बाई म्हणून मला जाऊ देत नव्हते, मी गेले.

मायला फोनवर सांगितलं तं ती आधी नुसती रडली. मग म्हणाली ते मला अजून रोज ऐकू येतं. "सावली फिरनी नव्हती न तिले उनमा काढी तुमी. म्हणीसन गई ती." डॉक्टरबाई म्हणतात आत ठेवलं म्हणून गेली, माय म्हणते बाहेर काढलं म्हणून गेली. आणि मला रात्रंदिवस हेच, की दोघी माझ्या लेकराबद्दलच बोलतायत, एकीला शिक्षण आहे, दुसरी माझी माय आहे.

नंतर खूप दिवसांनी मी एका अंगणवाडीच्या भिंतीजवळ उभी होते, भिंतीवर भारताचा नकाशा रंगवलेला, आणि त्याच्यावर एक तुटक तुटक रेघ, गुजरातमधनं आडवी गेलेली. मी आठवीपर्यंत शिकले. ती रेघ बघितली आणि आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम एकदम आठवल्या, त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि आम्ही उतरवलं होतं, कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. मला ते पाठ होतं. मार्क पण मिळाला होता. मॅडमनी हे नाही सांगितलं की तिथं माणसं राहतात आणि सावलीची वाट बघतात. मी अंगणवाडीच्या बाईला विचारलं डीसा कुठं, तिनं बोट ठेवलं. रेघेच्या वर.

म्हणजे सूर्याचं माहेर ती रेघ. तो तिथपर्यंत जातो आणि परत येतो. आम्ही त्याच्या पण पुढं निघून आलो होतो. डीसाला सावली फिरलीच नसती. मी दहा वर्षं दारात बसले असते तरी फिरली नसती.

मायला सांगितलं. तिला समजलं का नाही माहीत नाही. म्हणाली, "नकाशाले काय कळस पोरनं?"

आता बाबू झालाय. बाळंतपणाला माहेरी गेले होते. माय म्हणाली या वेळेस सावलीफेर झाल्याशिवाय सोडणार नाही, आणि खरं तर मला पण राहता आलं असतं, शेठनी पप्पांना काही म्हणलं नव्हतं. मीच निघाले. खुशी इथं वाळूत एकटी आहे, हे मी मायला कसं सांगणार. शहाद्याच्या स्टँडवर या वेळेला माय खिडकीला धरून उभी राहिली नाही. लांब, रसवंतीपाशी उभी होती. ओरडली पण नाही.

आणि आता परत तेच दिवस आलेत. गावाकडं सावली फिरली. इथं दोन बोटं होती, आता एक आहे. मला माहीत आहे आता पुढं काय होणार, ती थांबणार आणि वाढणार. माहीत असलं म्हणून भीती जात नाही. गेले कितीतरी दिवस मी सकाळी उठते ती ठरवून, की आज बाबूला दुपारी लीमड्याखाली न्यायचं, आणि दुपार झाली की दाराच्या आत उभी राहते, तो खांद्यावर, माझा एक पाय उंबरठ्यावर. वाटतं माय खरी असेल तर? एक लेकरू बाहेर काढलं न गेलं, दुसरं पण मीच बाहेर काढणार? मग आत घेऊन बसते आणि पत्रा तडतडतो वर, आणि बाबूचं तोंड मी परत परत बघते, ओलं आहे ना, ओलं आहे ना. रमीलाबेन आता ओरडत नाही. ती नुसती खाटेवर जागा ठेवते आणि माझ्या दाराकडं बघत बसते.

पोरींनो, तुमच्यातल्या ज्या या वर्षी लेकरं घेऊन निघाल्यात, कुणी राजस्थानला, कुणी दिल्लीकडं, कुणी माझ्यासारखी इकडं, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय, जसं बोलते तसं. आपल्या आयांनी जे सांगितलं ते त्यांच्या भिंतींसाठी खरं होतं. ते गाठोड्यात बांधून पत्र्याखाली आणू नका. हे मी लिहिते, पण मला कुणी विचारलं की तुला नक्की माहीत आहे का, तर नाही.

आज दुपारी बाबू खूप रडला आणि मग एकदम थांबला. थांबला, बस. मी कशाचा विचार केला नाही, ओढणी ओली केली, त्याला गुंडाळलं आणि उंबरठा ओलांडला. सळईजवळनं गेले, खाली बघितलं नाही. रमीलाबेननी पाय आखडून जागा केली. लीमड्याखाली वारा होता. गरमच, पण हलत होता. बाबूनं डोळे उघडून पानांकडं बघितलं, आणि मग दूध प्यायला लागला, घोट घोट, मला ऐकू येत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. माय. या दिवसांत ती रोज दुपारी करते.

"सावली फिरनी का तठे?"

"नही. एक बोट शे."

"पोऱ्या कोठे शे?"

"मांडीवर शे," मी म्हणलं. खोटं नव्हतं.

वर पानांची सळसळ चालली होती. रस्त्यावर ट्रकनी हॉर्न मारला. आणि रमीलाबेन माझ्या कानाशी खेकसली, "अली, एना पग तडकामां छे, छांयडामां ले!"

मायनं गुजरात बघितलेलं नाही पण तडका म्हणजे ऊन न छांयडा म्हणजे सावली हे तिला समजतं, आमची बोली काय लांब नाही. मी फोन कानाला धरून बसले आणि माझ्या छातीत असं धडधडत होतं की बाबूनं दूध सोडलं. मला वाटलं आता ती रडणार, नाहीतर शिव्या देणार, नाहीतर ते जुनं परत म्हणणार. तिकडनं पण वारा ऐकू येत होता. ती खळ्यातच असणार, मेढीपाशी, या वेळेला दुसरी कुठं असणार.

कुणी मला घर कुठं विचारतं तेव्हा मी आता एक नाव सांगू शकत नाही. जिथं दुपारी सावली दोन बोटं तापीकडं येते ते माझं घर आहे. आणि जिथं ती एक बोट राहून परत जाते, जिथं नदीच्या वाळूत माझं लेकरू एका स्वेटरवर निजलंय, ते पण सोडता येत नाही. दोन्हीकडं मी अर्धीच. पूर्ण कुठंच नाही.

"व बाई," शेवटी माय म्हणाली, आवाज एकदम बारीक, "पाय सावलीमा ले त्याना."

मी बाबूचा पाय आत ओढला.